शेवाळाचे बलुते

१९३५ साली वर्ध्याच्या मगनवाडीतले स्वयंपाकघर म्हणजे एक प्रयोगशाळाच होती. डिसेंबर १९३४ मध्ये अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला होता, जमनालाल बजाजांनी आपली बाग आणि घर त्याच्या हवाली केले होते, आणि जे. सी. कुमारप्पा तेलघाणी, हातकागद आणि हातसडीचा तांदूळ यांच्या मागे लागले होते. गांधीजींचे लक्ष मात्र ताटात काय पडावे याकडेही तितकेच होते. कच्चा पाला, कडुनिंब, चिंच, सोयाबीन असे एकेक पदार्थ आश्रमवासीयांच्या पुढ्यात येत. त्या वर्षीच्या ‘हरिजन’मध्ये सोयाबीनवर आणि हिरव्या पाल्यावर टिपणे आहेत. आश्रमातल्या मंडळींनी या आहाराला नाके मुरडली नसतील असे मानण्याचे कारण नाही. पण हे प्रयोग लहरीपोटी चालले होते असे समजणेही चूक ठरेल. त्यांच्या मुळाशी वीस-बावीस वर्षांचा एक प्रश्न होता.

१९१२ साली दक्षिण आफ्रिकेत, टॉलस्टॉय फार्मवर, गांधीजींनी कॅलनबाख यांच्यासह दूध सोडले. ब्रह्मचर्याचा विचार त्यामागे होता, तसेच कलकत्त्याकडे गायीचे दूध शेवटच्या थेंबापर्यंत काढण्यासाठी चालणाऱ्या ‘फुंका’ या क्रूर प्रकाराची किळसही होती. पुढे खेड्यातल्या सैन्यभरतीच्या धावपळीत १९१८ साली त्यांना आमांशाने गाठले आणि शरीर काही केल्या सावरेना. मुंबईच्या डॉ. दलालांनी स्पष्ट सांगितले की दूध घेतल्याशिवाय मी तुमचे शरीर पुन्हा उभे करू शकत नाही. गांधीजी व्रताकडे बोट दाखवू लागले तेव्हा कस्तुरबा मध्येच म्हणाल्या की शेळीच्या दुधाला तरी तुमची हरकत नसावी. व्रत घेताना डोळ्यांपुढे गाय-म्हैस होती, शेळी नव्हती. ही पळवाट आहे हे गांधीजींना ठाऊक होते आणि ते शल्य त्यांनी कधी लपवले नाही. ‘सत्याचे प्रयोग’मध्ये ते वाचकांना उघड विनंती करतात की दुधाइतकी पोषक आणि पचायला तितकीच सोपी अशी वनस्पतिज वस्तू अनुभवाने कोणाला ठाऊक असेल तर मला कळवा. १९४२ साली आगाखान पॅलेसच्या कैदेत त्यांनी आरोग्यावर जे छोटे पुस्तक लिहिले (हिंदीत ते ‘आरोग्य की कुंजी’ म्हणून परिचित आहे), त्यात त्यांनी मान्य केले आहे की शाकाहाऱ्याने प्रकृती राखायची तर आहारात दूध, दही, लोणी, तूप असायला हवे असे आपल्याला अनुभवाने दिसले.

म्हणजे तीस वर्षे शोधूनही पर्याय सापडला नव्हता. गंमत अशी की उत्तराचा एक मोठा तुकडा १९४८ साली, गांधीजींच्या हत्येनंतर जेमतेम तीन महिन्यांनी, छापून आला. आणि त्या उत्तराने प्रश्नाची मांडणीच उलटी केली. गांधीजी वनस्पतिसृष्टीत शोधत होते. ती वस्तू कोणत्याच झाडाच्या पानात, मुळात की बियांत नव्हती, आणि दूध देणाऱ्या जनावरातही ती जनावराने केलेली नव्हती.

दुधात अनेक गुण आहेत. प्रथिने आहेत, चुना आहे. पण प्रथिनांची भरपाई डाळींनी आणि सोयाबीनने करता येते, चुन्याची तिळाने आणि नाचणीने थोडीफार करता येते. ज्याची भरपाई शेतातल्या कशानेच होत नाही ते जीवनसत्त्व बी-१२. त्याचा माग आधी लागला तो एका जीवघेण्या पंडुरोगावरून. १९२६ साली बोस्टनच्या मायनॉट आणि मर्फी या डॉक्टरांनी असे रोगी भरपूर यकृत खायला घालून वाचवले. त्याबद्दल त्यांना आणि व्हिपल यांना १९३४ चे नोबेल पारितोषिक मिळाले, आणि ते ज्या महिन्यात प्रदान झाले त्याच डिसेंबरात इकडे वर्ध्यात ग्रामोद्योग संघ उभा राहत होता. मधल्या काळात, १९२८ पासून, लूसी विल्स ही इंग्रज डॉक्टर मुंबईत गिरण्यांतल्या गरोदर कामगार बायकांच्या पंडुरोगाचा अभ्यास करत होती. तिने यीस्टच्या अर्काने तो बरा करून दाखवला. तिच्या हाती लागले होते ते फोलेट, बी-१२ चे जवळचे भाऊबंद. दोन्हींच्या अभावाने रक्तातल्या तांबड्या पेशी बेढब मोठ्या होतात, त्यामुळे पुढे कितीतरी वर्षे ही दोन भावंडे एकमेकांच्या नावावर खपत राहिली.

यकृतातला तो नेमका पदार्थ १९४८ साली अमेरिकेत मर्क कंपनीतील फोकर्स यांच्या गटाने आणि इंग्लंडमध्ये ग्लॅक्सोतील लेस्टर स्मिथ यांनी वेगवेगळा शोधून काढला. लालबुंद स्फटिक निघाले आणि त्यांत कोबाल्ट हा धातू निघाला. मर्कच्या यशामागे मेरी शॉर्ब या बाईंची एक साधी युक्ती होती. दुधाशी नाते असलेला एक जीवाणू यकृताच्या अर्काशिवाय वाढत नाही हे त्यांना दिसले होते, तेव्हा कोणत्या अर्कात औषधी पदार्थ किती आहे हे माणसावर न तपासता त्या जीवाणूच्या वाढीवर मोजता येऊ लागले. आणि थोड्याच काळात कळले की हा पदार्थ यकृताखेरीज काही जीवाणूंच्या वाढीच्या रसातही मुबलक मिळतो. आज पक्के ठाऊक आहे की बी-१२ करण्याची कला जीवाणू आणि त्यांचे दूरचे नातलग आर्किया यांच्याखेरीज कोणालाही येत नाही. ना प्राण्याला, ना झाडाला, ना बुरशीला. जमिनीवरची झाडे तर ते वापरतही नाहीत, म्हणून त्यांच्यात ते साठतही नाही.

मग गायीच्या दुधात ते येते कुठून? याचे उत्तर आर्वीकडच्या माणसाला समजायला सोपे आहे. आर्वी, आष्टी, कारंजा हा गवळाऊ जनावरांचा मुलूख. पांढरी, चपळ, वाहतुकीला आणि शेतीला उत्तम, दुधाला बेताची. नंद गवळ्यांनी पिढ्यान् पिढ्या हा वाण सांभाळला. रानातले कुसळ-कडबा खाऊन ही गाय रवंथ करते तेव्हा तिच्या पोटाच्या पहिल्या कप्प्यात अब्जावधी जीवाणू तो पाला आंबवत असतात. मातीतून चाऱ्यात आलेला कोबाल्टचा कण त्यांना मिळाला की ते बी-१२ घडवतात. गाय ते शोषते, दुधात उतरवते. ऑस्ट्रेलियात हिरव्यागार कुरणांवर चरूनही मेंढ्या खंगून मरत होत्या, त्याचे कारण कोबाल्टची कमतरता हे १९३५ साली समजले. मगनवाडीत सोयाबीन शिजत होते ते हेच वर्ष. शेळीही रवंथ करणारीच. कस्तुरबांनी सुचवलेल्या त्या दुधातून गांधीजींना बी-१२ पोचत होते ते शेळीच्या पोटातल्या जीवाणूंच्या मेहनतीचे. त्यांचे १९१८ चे दुखणे बी-१२ च्या अभावाचे होते असे मात्र मी म्हणणार नाही. आमांश हा आमांशच होता, आणि शरीरात या जीवनसत्त्वाची शिल्लक काही वर्षे पुरते.

इथपर्यंतची हकिकत आहारशास्त्राच्या पुस्तकांत सापडते. पण गेल्या वीस वर्षांत या कथेला जो फाटा फुटला आहे तो मला अधिक विलक्षण वाटतो, आणि तो साचलेल्या पाण्यातल्या शेवाळाचा आहे.

शेवाळात बी-१२ असते ही गोष्ट जुनीच. वैद्यकाने तिचा उपयोगही करून घेतला. युग्लीना ही तळ्याडबक्यांत पोहणारी हिरवी एकपेशी. तिला बी-१२ लागते हे १९४९ च्या सुमारास हटनर, प्रोव्हासोली आदींनी दाखवले, आणि १९५० साली रॉस या संशोधकाने माणसाच्या रक्तातले बी-१२ मोजायला तिलाच कामाला लावले. रक्तद्रव घातलेल्या नळीत युग्लीना किती फोफावते त्यावरून त्या माणसाचे बी-१२ किती हे ठरे. डबक्यातल्या जिवाने माणसाच्या रक्ताची परीक्षा करावी हा प्रकारच मजेशीर. पण त्यातली मेख पुष्कळांच्या लक्षात आली नाही. जी गोष्ट बाहेरून घालावी लागते ती युग्लीना स्वतः करत नसणार. सूर्यप्रकाश, पाणी आणि हवा यांवर जगणारी, स्वावलंबनाचा आदर्श वाटावा अशी ही हिरवी पेशी एका बाबतीत परावलंबी होती.

एकटी युग्लीनाच नव्हे. २००५ साली मार्टिन क्रॉफ्ट, अ‍ॅलिसन स्मिथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘नेचर’मध्ये जो लेख लिहिला त्यात जुन्या नोंदी चाळून ३२६ जातींच्या शेवाळांचा हिशेब मांडला होता. त्यांतील १७१ जातींना बी-१२ बाहेरून लागत होते. निम्म्याहून जास्त. आता समुद्रात आणि तळ्यात मोकळे बी-१२ इतके थोडे असते की त्यावर एवढी शेवाळे पोसली जाणे अवघड. मग ती जगतात कशी? क्रॉफ्ट यांनी एक तांबडे सूक्ष्म शेवाळ जीवनसत्त्व नसलेल्या पाण्यात ठेवले आणि त्यात हॅलोमोनास नावाचा जीवाणू सोडला. शेवाळ वाढले. जीवाणू त्याला बी-१२ पुरवत होता आणि शेवाळाने प्रकाशातून बनवलेल्या साखरेवर स्वतः पोसत होता. याची चाहूल १९७४ मध्येच हेन्स आणि गिलार्ड यांना समुद्रातल्या डायटमवर काम करताना लागली होती, पण तेव्हा ती मोजक्या अभ्यासकांपुरती राहिली.

या व्यवहाराला इंग्रजी लेखांत सहजीवन म्हणतात. मला बलुते हा शब्द जवळचा वाटतो. सुताराने औत नीट ठेवायचे, कुणब्याने खळ्यावर त्याचा वाटा काढून द्यायचा. रोजच्या रोज मोजदाद नाही, पण एकाचे घर चालले नाही तर दुसऱ्याचेही अडते. आपल्याकडच्या बलुत्यात उच्चनीचता होती, जबरदस्तीही होती. उपमा तेवढ्यापुरतीच घ्यावी. पण वाटा किती हे आपोआप कसे ठरते, हा प्रश्न दोन्हीकडे सारखाच आहे. केंब्रिजच्या याच गटाने २०१२ मध्ये लोबोमोनास हे गोड्या पाण्यातले शेवाळ आणि मेसोरायझोबियम हा जीवाणू यांची जोडी लावली. पाण्यात साखर नव्हती आणि बी-१२ ही नव्हते, म्हणजे दोघांनाही एकमेकांवाचून गत्यंतर नव्हते. सुरुवातीला कोणी कितीही असो, काही दिवसांनी दोघांच्या संख्येचे प्रमाण एका ठरावीक जागी येऊन स्थिरावले. मेसोरायझोबियम हे नाव परके वाटेल, पण तो आपल्या ओळखीच्या रायझोबियमचा सख्खा नातलग. पेरणीआधी सोयाबीनच्या बियाण्याला गूळपाण्यात कालवून जे काळे पाकीट चोळतात, त्यातला. कडधान्याच्या मुळांवर गाठी करून नत्र देणारी ही मंडळी पाण्यात शेवाळाला जीवनसत्त्व देऊ शकतात.

एवढे सगळे सुखाच्या दिवसांतले. आमच्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो, जनावरांच्या हौदातले पाणी दुपारी हात घालवत नाही इतके तापते, आणि कालपर्यंत हिरवे असलेले पाणी पिवळट होते. अशा तापात या बलुत्याचे काय होते? २०१३ साली अमेरिकेतल्या एम्स गावच्या आयोवा स्टेट विद्यापीठात, बो शी, लॅरी हॅल्व्हर्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच प्रश्नाचे उत्तर प्रसिद्ध केले.

त्यांनी घेतलेले शेवाळ होते क्लॅमिडोमोनास. ओल्या मातीत आणि गोड्या पाण्यात राहणारे, दोन शेपट्यांचे, जीवशास्त्राच्या प्रत्येक पुस्तकात चित्र असणारे. मिथिओनिन नावाचे एक अत्यावश्यक अमिनो आम्ल बनवण्यासाठी त्याच्याकडे दोन अवजारे आहेत. एक अवजार बी-१२ शिवाय चालते. दुसऱ्याला बी-१२ लागते, पण ते अधिक चपळ आहे. नेहमीच्या दिवसांत बाहेरून काही मिळाले नाही तरी पहिल्यावर भागते, म्हणून क्लॅमिडोमोनास हे स्वावलंबी शेवाळांत गणले जाई. पण उष्णता वाढवल्यावर पहिले अवजारच बंद पडू लागले. ते घडवणारा जनुक दबला, मिथिओनिन मिळेना, पेशी पिवळ्या पडल्या आणि मेल्या. त्याच तापमानाला ज्या पाण्यात बी-१२ करणारे जीवाणू होते तेथील शेवाळ तगले. नुसते बी-१२ घातले तरी तगले. मग त्यांनी शेवाळातले दुसरे अवजार मुद्दाम निकामी केले, तेव्हा बी-१२ चा फायदा जवळजवळ नाहीसा झाला. संरक्षण याच वाटेने येत होते हे त्यावरून सिद्ध झाले.

ज्याला एरवी शेजाऱ्याची गरज नाही त्याचा जीव तापात शेजाऱ्यानेच वाचवावा, हे या प्रयोगाचे मर्म. त्याचा उत्क्रांतीशी लागणारा संबंध मला आणखी महत्त्वाचा वाटतो. तापात कामाला येणारे अवजार टिकते, न येणारे हळूहळू गंजते. कॅथरिन हेलिवेल आणि सहकाऱ्यांनी २०१५ साली दाखवले की क्लॅमिडोमोनासला सतत बी-१२ पुरवत राहिले तर पाचशे पिढ्यांच्या आत त्याचा एक असा वंश निपजतो ज्याचे पहिले अवजार कायमचे मोडलेले असते. मग बी-१२ काढून घेतले की तो वंश मरतो. शेवाळाच्या पाचशे पिढ्या म्हणजे काही महिन्यांचा काळ. त्या १७१ जाती परावलंबी कशा झाल्या असतील याचा तर्क यावरून करता येतो.

आणि माणूस? माणसाच्या शरीरात पहिले अवजार नाहीच. होमोसिस्टीनपासून मिथिओनिन बनवायला आपली मुख्य भिस्त आहे ती दुसऱ्यावर, बी-१२ मागणाऱ्यावर. या एका बाबतीत आपण युग्लीनाच्या रांगेत बसतो. आपला जीवाणू गायीच्या पोटात राहतो, एवढाच फरक.

त्या रांगेत आपण किती मागे उभे आहोत हे महाराष्ट्रातच मोजले गेले. १९६४ साली मेहता, रेगे आणि सातोसकर यांनी निरोगी भारतीय प्रौढांच्या रक्तात बी-१२ मोजले, तेव्हा दूध घेणाऱ्या शाकाहाऱ्यांचे प्रमाण मांसाहाऱ्यांपेक्षा कमी आढळले. पुढे पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने ग्रामीण भाग, झोपडपट्टी आणि शहरी मध्यमवर्ग अशा तिन्ही ठिकाणचे ४४१ मध्यमवयीन पुरुष तपासले. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात दोन-तृतीयांश पुरुषांत बी-१२ कमी होते, निम्म्याहून अधिकांत होमोसिस्टीन वाढलेले होते, आणि सर्वांत वाईट स्थिती शहरी मध्यमवर्गाची होती. घरोघरी दूध घेणारा वर्ग तो! दिवसाला दोन-अडीच मायक्रोग्रॅम बी-१२ लागते. एका पेल्यात साधारण एक मायक्रोग्रॅम. आपण ज्याला ‘दूध घेतो’ म्हणतो ते बहुतेक घरांत चहापुरते असते, आणि दूध फार वेळ आटवले की त्यातले काही जीवनसत्त्व नष्टही होते. याच गटाने पुण्याजवळच्या सहा गावांतल्या माता आणि मुलांचा जो दीर्घ अभ्यास १९९३ पासून चालवला, त्यात आईच्या कमी बी-१२ ची छाया मुलांच्या इन्सुलिनच्या कामावर पडलेली दिसली. पायांना मुंग्या येणे, तोल जाणे, विसरणे ही म्हातारपणाची लक्षणे म्हणून सोडून देणाऱ्या आमच्याकडच्या घरांनी हे आकडे वाचायला हवेत.

आता बाजाराने या कमतरतेवर हिरवी गोळी आणली आहे, स्पिरुलिनाची. ‘शाकाहारी बी-१२’ असा तिचा गवगवा असतो. स्पिरुलिना विदर्भाला परकी नाही. बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणार सरोवराच्या खारट, अल्कधर्मी पाण्याचा हिरवा रंग बराचसा तिचाच. त्याच सरोवरातून पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने हॅलोमोनास प्रजातीतले जीवाणूही वेगळे केले आहेत, म्हणजे क्रॉफ्ट यांच्या प्रयोगातल्या जीवाणूचे भाऊबंद. जून २०२० मध्ये सरोवर गुलाबी झाले तेव्हा कारण शोधले तेही याच संस्थेने, आणि ते निघाले मीठ सोसणारे आर्किया. स्पिरुलिना मात्र नावापुरतीच शेवाळ. ती निळ्या-हिरव्या जीवाणूंच्या कुळातली, त्यामुळे बी-१२ सारखे काहीतरी ती स्वतः बनवते. पण ‘सारखे’ या शब्दातच घोटाळा आहे. जपानच्या वातानाबे यांनी १९९९ मध्ये स्पिरुलिनाच्या गोळ्या तपासल्या तेव्हा त्यांतला ८३ टक्के भाग तोतया बी-१२ निघाला. रेणूच्या खालच्या टोकाला एक तुकडा वेगळा, आणि तेवढ्याने माणसाच्या शरीराला तो निरुपयोगी. मोजणीसाठी वापरले जाणारे काही जीवाणू खऱ्या-तोतयात फरक करत नाहीत, म्हणून वेष्टनावरचा आकडा फुगतो. १९९१ मध्ये नेदरलँड्समध्ये दूध-मांस न घेणाऱ्या कुटुंबांतल्या कमतरतेच्या मुलांना शेवाळे देऊन पाहिली, तेव्हा रक्तातला बी-१२ चा आकडा चढला, पण तांबड्या पेशींचा बेढबपणा आणखी वाढला. पाण्यातली खरी शेवाळेही या तोतयाला फसत नाहीत. हेलिवेल यांनी २०१६ मध्ये दाखवले की त्यावर त्यांचे नीट भागत नाही. अस्सल बलुतेदार त्यांना लागतोच.

औषधाच्या दुकानातली बी-१२ ची साधी गोळी मात्र खरी असते. वुडवर्ड आणि एशेनमोझर यांनी सुमारे शंभर संशोधकांच्या मदतीने, दशकभर खपून, १९७२ च्या सुमारास हा रेणू प्रयोगशाळेत कृत्रिमरीत्या रचला. पण त्या मार्गाने एकही गोळी बाजारात आली नाही. ती आजही पोलादी टाक्यांत जीवाणू वाढवूनच करतात. त्या टाकीत ना पशू असतो, ना झाड.

मगनवाडीत ज्या सोयाबीनची चव घेताना तोंडे वाकडी झाली असतील ते आज आर्वीच्या शिवारात कपाशीच्या बरोबरीने पेरले जाते. त्यातले बहुतेक तेलगिरणीला जाते आणि पेंड कोंबड्यांना. गवळाऊ जनावरे ट्रॅक्टर आल्यापासून कमी होत गेली आहेत. कारंजा तालुक्यात हेटीकुंडीच्या सरकारी प्रक्षेत्रावर त्यांची पैदास अजून चालते. चैत्र-वैशाखात हौद घासून काढण्याची जुनी रीत मात्र गावोगाव टिकून आहे. घासून झाले की आठवड्याभरात पाणी पुन्हा हिरवे होते.